डाव्या बाजूची जागा

"दादानं त्या दिवशी मला शेजारी का बसू दिलं नाही?"

लहूनं हे आईला विचारलं होतं, वहिनीला विचारलं होतं, स्टँडवरच्या वडापवाल्यांना विचारलं होतं. कुणी पदर डोळ्याला लावला, कुणी चहा मागवला. 

आता तो दस्तगीरचाचांच्या दारात उभा होता. लहूचा थोरला भाऊ अंकुश याच गॅरेजात हाताला ग्रीस लावून मोठा झाला. तो जाऊन दोन महिनेही झाले नव्हते.

चाचा पाना पुसत राहिले.

"गाडी दाखवायला आणलीस ना? गाडीचं बोल."

गाडी अंगणात उभी होती. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. अंकुशनं तिच्यावर किती वर्षं वडाप मारलं, गावोगावची सीटं भरून. डावीकडची जागा लहूची. पाय डॅशबोर्डवर, तोंडात शेंगदाणे, आणि समोरनं येणारा वारा. घराच्या वळणावर दादा दोनदा भोंगा वाजवायचा, की आई तव्यावर भाकरी टाकायची.

मग गेल्या वर्षी जीप ओढ्यात उलटली. आत एकटा दादाच होता, त्याला खरचटलं सुद्धा नाही. पण तेव्हापासून त्याचं काहीतरी बिनसलं. हळूहळू वडाप बंद केलं. लहूला गाडीला हात लावू देईना. पुढं आजारपण आलं, आणि एका दुपारी, अंगात ताप असताना, तो एकटाच जीप घेऊन निघाला. लहू उडी मारून शेजारी बसला, तर हाताला धरून खाली उतरवलं. जीप हायवेच्या ढाब्यापुढं शोभेला म्हणून उभी करून आला. त्यानंतर तो अंथरुणावरनं उठलाच नाही.

आता तो ढाबा बंद होणार होता. सकाळी भंगारवाला येणार म्हणून कानावर आलं, तसा लहू कुणाला न विचारता जीप घेऊन इकडं आला.

"उद्यापासून दादाच्या पोरांना हिच्यातनंच शाळेत सोडणार," तो म्हणाला. "मी सगळी बघितलीय चाचा. खाली झोपून बघितलीय. स्प्रिंगचे पाटे चांगले, बुश नवे, चासीला कुठं तडा नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"चासीला रंग कुणी दिला?"

"ढाबेवाल्यानं."

"मग तू रंग बघितलास."

लहूची कानशिलं तापली. गाडीवाल्याच्या भावाला गाडी शिकवता काय, असं काहीतरी तो बोलून गेला.

चाचा रागावले नाहीत. आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. मैदानावर रेघा आखतात ती पांढरी फक्की. अंगणभर ती पसरली, हातानं सारखी केली, आणि बाजूला झाले.

"सरळ घे. समोरचा खांब बघून."

लहूनं खांबावर नजर ठेवून जीप नेली. खाली उतरला. मागं वळून बघितलं...

फक्कीवर दोन रेघा हव्या होत्या. चार होत्या. पुढची चाकं एका वाटेनं गेली होती, मागची हातभर सोडून दुसऱ्याच.

"चासी पिळलीय," चाचा म्हणाले. "ओढ्यात उलटली तेव्हापासून खालचा सांगाडाच वाकडा."

"दादाच्या हातात सरळ चालायची."

"जीप सरळ नव्हती चालत. अंकुश तिला सरळ चालवायचा." चाचांनी आपला उजवा खांदा खाली पाडला, मान तिरकी केली, आणि हातात नसलेलं स्टेअरिंग ओढून धरलं.

लहू बघतच राहिला. दादा शेवटच्या वर्षी अस्साच बसायचा. स्टँडवरची पोरं त्याला वाकड्या म्हणायची. लहूसुद्धा हसला होता.

"सरळ करा मग. लागंल तितके दिवस लावा."

"दोनदा केली. अंकुशनं आणि मी मिळून. खालचं लोखंड थकलंय, बाळा. वेल्डिंग धरत न्हाई. एखाद्या खड्ड्यात..." चाचांनी बोट डावीकडं नेलं. डाव्या पाट्याच्या वर, रिकाम्या सीटच्या बरोबर खाली.

लहू त्या सीटकडं बघत उभा राहिला. तिचं रेक्झीन एका कडेला फाटलेलं होतं. शेंगदाण्याची टरफलं तो तिथनंच आत सारायचा.

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर?"

  सांगितलं असतं तर लहू त्याच रात्री जीप घेऊन पळाला असता, चालते की नाही दाखवायला. हे त्यालाही ठाऊक होतं, चाचांनाही.

 वाऱ्यानं थोडी फक्की उडाली. रेघा मात्र दिसत राहिल्या.

लहूनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. सीटच्या भोकात बोट घातलं, हाताला लागलं ते एक टरफल खिशात टाकलं. मग स्टेअरिंगवर जाऊन बसला.

"कुठं?" चाचांनी विचारलं.

"ढाब्यावर. भंगारवाला यायच्या आत पोचवतो."

चाचा डावीकडनं वळसा घालून आले आणि पाय वर टाकला.

लहूनं सीटवर हात आडवा ठेवला.

"नको चाचा. तुम्ही तुमच्या लूनावर मागनं या."

चाचांनी पाय खाली घेतला. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"त्या दिवशी अंकुशनं पण मला लूनावरच पाठवलं होतं."