पाटीवरची मोकळी ओळ

"मग उस्ताद, लिहू का पाटीवर तुमचं नाव?"

भरतेश मगदूमनं हे विचारलं तेव्हा बाबालाल मिस्त्री आपल्या गॅरेजात पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात भरतेशचं स्वतःचं गॅरेज पाडव्याला उघडायचं होतं. पाटी रंगवून तयार होती. भरतेशचं नाव हातभर अक्षरांत, आणि त्याखाली एक ओळ मोकळी ठेवलेली. तिथे लिहायचं होतं, 'उस्ताद बाबालाल मिस्त्री यांचे शागीर्द'. चाळीस वर्षांत उस्तादांनी ही परवानगी दोघांनाच दिली होती. भरतेशनं अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, तरी तिसरा तो नव्हता. हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून आज तो पुरावाच घेऊन आला होता.

दारात एका इनामदारांची मोटार उभी होती. अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची, पन्नास वर्षांची. बोनेट एवढं लांब की त्यावर पापड वाळत घालावेत. जोर हत्तीचा, पण वळणावर होडीसारखी डोलायची, आणि स्टिअरिंग पाव फेरा फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा.

"आता बसून बघा," भरतेश म्हणाला. "पुढच्या स्प्रिंगा नव्या. शॉकअप नवे. मागचे स्प्रिंगचे पाटे नवे बनवून घेतले. स्टिअरिंगचा जुना बॉक्स काढून पॉवरचा टाकला. करंगळीनं वळतीय. काल आंबा घाटात वळणं मारली, चहाचा कप हिंदकळला नसता."

"कप होता?"

"...नव्हता."

उस्तादांनी हात पुसले. गाडीत काही ते बसले नाहीत. मागे जाऊन उकिडवे बसले, एक डोळा बारीक करून गाडीच्या कडेनं पुढे पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"सरळ रस्त्याला कशी जाती?"

"बाणासारखी. हात सोडा, रेघ सोडणार नाही."

"आणि तेव्हा स्टिअरिंग?"

"एकदम सरळ. लेव्हल लावून बघा की."

"पहिल्या दिवसापासनं?"

"हो!" भरतेश म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला. खऱ्याला एवढा आवाज लागत नाही.

उस्तादांनी टब ओढत दारापर्यंत आणला आणि सगळं पाणी रस्त्याच्या डांबरावर ओतलं.

"ह्यावरनं घे. सरळ. हळू."

म्हातारा आता टायर धुवायला लावतोय, असं भरतेशच्या मनात आलं. त्यानं गाडी सुरू केली. समोरचा लेथवाला काम सोडून बघायला आला. ते बघून भरतेशनं गाडी करंगळीनंच पाण्यावरून नेली, पुढे उभी केली आणि ऐटीत मागे चालत आला.

कोरड्या डांबरावर ओल्या पट्ट्या उमटल्या होत्या. मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग गेली तर पट्ट्या दोन दिसतात.

चार होत्या.

डावीकडे मागचं चाक पुढच्याच्या बाहेरून गेलं होतं, उजवीकडे आतून. पळताना कुत्रं अंग तिरकं टाकतं, तशी गाडी चालली होती. नाक उजवीकडे आणि चाल सरळ. नव्या पाट्यांवर मागच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल तिरका बसला होता. हे भरतेशला कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षं काही तो भजी तळत नव्हता.

ऊन कडक होतं. पट्ट्या कडेनं वाळू लागल्या. लवकर वाळल्या तर बरं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचीच लाज वाटली.

उस्ताद रिकामा टब उचलायला वाकले.

"पाटे बसवले तेव्हाच..." भरतेश म्हणाला, "तेव्हाच स्टिअरिंग वाकडं राहत होतं, उस्ताद. गाडी सरळ जायची, पण स्टिअरिंग डावीकडं."

"मग?"

"मग... नट खोलला. ॲक्सल बघायचा सोडून नुसतं स्टिअरिंग उपसून काढलं आणि सरळ करून बसवलं."

उस्ताद रागावले नाहीत. रिकामा टब त्यांनी नळाखाली ठेवला आणि नळ सोडला. भरतेश त्यांच्या मागे मागे गेला.

"ॲक्सल आत्ता खोलतो. दोन दिवसांत सरळ करून आणतो. मग तर लिहू ना ती ओळ?"

टब भरत आला. उस्तादांनी नळ बंद केला.

"ॲक्सल नंतर," ते म्हणाले. "आधी ते स्टिअरिंग होतं तसं वाकडं बसव."