दुसरं वाक्य

"मग मी चुकले कुठं, ताई?"

ईशा लिमयेने हे तिसऱ्यांदा विचारलं. शेवंताताई खरात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. पुण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात तीस वर्षं लोकांची दुःखं ऐकून त्या निवृत्त झाल्या होत्या. नव्या समुपदेशकांचं घोडं कुठे अडलं की ते त्यांच्या अंगणात येऊन बसत.

ईशाचं घोडं सुगतपाशी अडलं होतं. इंजिनिअरिंगला शिकणारा मुलगा, तीन महिने खोली शोधत होता. नाव सांगितलं की घरमालकांचा आवाज बदलतो, असं म्हणाला होता. झोप उडालेली, आता शिक्षण सोडून गावी जातो म्हणत होता. ईशाने त्याला समजावलं की हा तुझ्या मनाचा ग्रह आहे, बघ, मी तर जात मानतच नाही. तो "बरं, मॅडम" म्हणाला आणि पुढच्या वेळी आलाच नाही. तिने फोनवर फार विनवलं तेव्हा उद्या एकदा येतो म्हणाला, निरोप घ्यायला.

"पण मी खरंच मानत नाही, ताई."

"तुला परवडतं गं."

बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. परीक्षेत पहिली आलेली मुलगी ती, असं ऐकायची तिला सवय नव्हती.

ताईंनी शेंगांखालचा पेपर ओढला, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि फोन लावायला सांगितलं. खोली तुलाच हवी आहे असं सांग, म्हणाल्या.

"आणि आडनाव माझं सांग."

ईशाने फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचे काका अघळपघळ बोलले. खोली हवेशीर आहे, पाणी चोवीस तास, मुलगी म्हणजे तर उत्तमच. मग त्यांनी पूर्ण नाव विचारलं.

"ईशा खरात."

"..."

"हॅलो?"

"अहो, ती खोली ना... आमच्या भाच्यासाठी ठेवलीय. विसरलोच होतो मी."

ईशाच्या तोंडून निघून गेलं, "अहो काका, तसं नाही, मी लिमये आहे!"

"असं होय! मग या की संध्याकाळी बघायला. चहालाच या."

ताईंनी हात लांब करून फोन बंद केला. पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

ईशाच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आपण काय बोललो ते आपल्यालाच ऐकू आलं होतं, आणि आता ते कान झाकून जाणार नव्हतं.

"हा फोन मीही पुष्कळदा केलाय," ताई म्हणाल्या. "मला ते दुसरं वाक्य येत नाही."

...

दुसऱ्या दिवशी सुगत आला. खुर्चीच्या कडेवर बसला, दप्तर मांडीवर, उठायच्या तयारीत. ईशाने त्याला काहीच समजावलं नाही. कालचा फोन सांगितला, भाचा आणि चहा सगळं, स्वतःचं दुसरं वाक्यसुद्धा. मग म्हणाली, "तू खरं सांगत होतास. मी ऐकलं नाही. चूक माझी होती."

सुगतने तिच्याकडे नीट पाहिलं. मग दप्तर खाली ठेवलं. "मला तर पाच भाचे भेटले, मॅडम," तो म्हणाला, आणि हसता हसता रडला. तासभर बोलत होता. जाताना पुढच्या सोमवारची वेळ स्वतःहून मागून घेतली.

संध्याकाळी ईशा धावतच अंगणात आली. छातीवरची धोंड उतरली होती, तरी एक खटकत होतं.

"ताई, तो गावी जात नाहीये. पण मी केलं काहीच नाही. खोली तर त्याला अजून मिळालीच नाही."

शेवंताताईंनी सुपातली सालं पाखडून टाकली.

"नावासकट बसता येईल अशी एक खोली मिळाली की त्याला, तुझी."