न फुटलेला क्यूब

गच्चीचा स्लॅब कोसळून इरप्पा गवंडी गेला. पाचव्या दिवशी चौकशी अधिकारी साइटवर आले, तेव्हा बांधकाम कंपनीचे मालक खानविलकर तयारीतच होते. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, म्हणून त्यांनी सगळा दोष इरप्पावर टाकला. त्यानंच म्हणे टेकू वेळेआधी काढले.

“आणि काँक्रीट कसं होतं?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

आयुष्यात कधी लॅबची पायरी न चढलेल्या खानविलकरांनी टेबलावर काँक्रीटचा एक क्यूब, म्हणजे चाचणीसाठी ओततात तो चौकोनी ठोकळा, ठेवला. त्यावर स्लॅब भरल्याची तारीख रंगवलेली होती.

“त्याच मालाचा आहे. लॅबमध्ये मशीनखाली दाबून पास झालाय. बघा, साधा टवकाही उडालेला नाही.”

मग ते कोपऱ्यात उभ्या असलेल्या रुबिना मुलाणीकडे वळले. सिव्हिलची ही विद्यार्थिनी वर्षभर त्यांच्या साइटवर काम शिकायला आली होती.

“सांग गं यांना. वर्षाच्या दाखल्यावर सही माझीच लागणार आहे तुला.”

रुबिनानं क्यूबच्या कडांवरून बोट फिरवलं. सगळ्या धारदार होत्या.

“साहेब, लॅबमधलं मशीन क्यूब फुटेपर्यंत दाबतं. किती भाराला फुटला, तोच त्याचा निकाल. चाचणी झालेला क्यूब असा अखंड परत येत नाही.”

खानविलकरांनी घाईनं क्यूब आपल्याकडे ओढला.

“म्हणजे या मालाची चाचणी झालीच नाही?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“झाली ना,” रुबिना म्हणाली. “इरप्पामामांच्या अंगावर.”