शेजाऱ्याची कणगी

पूर्वी शंखपूर नगरात सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजवाड्यात मुख्य रंगारी होता. दरमहा ठरलेला शिधा, सणाला वस्त्र, वर राजाची मर्जी. त्याच्या हाताखालचा रंगारी रोहक त्याच्या शेजारीच राहत असे. रोहकाला काही कमी नव्हते; पण बोधिसत्त्वाला काही मिळाले की त्याच्या पोटात दुखे.

साध्या लोकांसाठीही कापड रंगवावे, स्वतःचे दुकान घालावे, असे बोधिसत्त्वाच्या मनात होते. मात्र त्याने घाई केली नाही. नोकरीत असतानाच त्याने आणि त्याच्या पत्नीने, चंपाने, अर्ध्या शिध्यात घर चालवायला घेतले. वाचलेल्यातले काही विकून दुकानासाठी रंगाचे रांजण घेतले, बाकीचे धान्य घरातल्या मोठ्या कणगीत टाकले. धंद्यासाठी त्या कणगीला हात लावायचा नाही, असे दोघांचे ठरले होते. दुकान बुडाले तरी घर उपाशी राहायला नको.

शेजारी रोज आंबील शिजते हे पाहून रोहकाला फार बरे वाटे.

कणगी भरली तेव्हा बोधिसत्त्वाने राजाचा निरोप घेतला. त्याची जागा रोहकाला मिळाली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलाय," असे रोहक बाजारभर सांगत सुटला. बोधिसत्त्व मात्र गूळ घेऊन त्याच्या घरी गेला आणि मनापासून आनंदला. त्या गुळाने रोहकाचे तोंड कडू झाले. पुढे बोधिसत्त्वाच्या नव्या दुकानासमोर माणसे थांबू लागली तशी त्याची झोपच उडाली. मुख्य रंगारी होऊनही तो एका दुकानदारावर जळत होता. मत्सराचे पोट मोठ्या जागेने भरत नाही. "त्याचा रंग पहिल्याच धुण्यात जातो," असे त्याने गिऱ्हाइकांच्या कानात घातले. काही जण यायचे थांबले.

इतक्यात राजा वारला. वर्षभर सर्वांनी पांढरेच नेसावे अशी दवंडी पिटली गेली. राजवाड्यातल्या रंगाऱ्यांचा शिधा बंद झाला. बोधिसत्त्वाचे रांजणही कोरडे पडले, पण कणगी होती. रोहकाने मात्र सगळे भपक्यात उडवले होते. थोड्याच दिवसांत त्याची चूल थंडावली.

चंपा म्हणाली, "अहो, शेजारची पोरं भुकेनं रडताहेत. पण दोन घरं खाऊ लागली तर वर्ष निघायचं नाही."

"नाही निघालं तर तेव्हा आपण मागू," बोधिसत्त्व म्हणाला. "आज त्यांनी मागायच्या आधी देऊन येऊ."

रोहकाने धान्य घेतले, पण याच्याकडे द्यायला आहे हेच त्याला सलत राहिले. येता-जाता तो कणगीत डोकावे. तिच्यावर त्याचीच पोरे जगत होती, तरी ती उतरताना पाहून त्याला गारगार वाटे.

वर्ष सरता सरता कणगीला तळ लागला. त्याच दिवशी नव्या राजाने रोहकाला दुप्पट शिध्यावर परत बोलावले. बोधिसत्त्वाच्या दुकानात अजून एक उपरणेही रंगायला आले नव्हते. आज तरी याचे तोंड उतरलेले दिसेल, म्हणून रोहक धावत शेजारी गेला.

बातमी ऐकून बोधिसत्त्वाचा चेहरा उजळला. "चंपा, ऐकलंस का? रोहकाला बोलावणं आलं. पोरांची चिंता मिटली."

रोहकाने त्या चेहऱ्यात खोट शोधली. ती सापडली नाही. तो तिथेच उंबऱ्याशी बसला आणि रडू लागला.

"दादा, तुमच्या रंगाला नावं मीच ठेवली होती."

"माहीत आहे. गिऱ्हाइकांनीच सांगितलं."

"मला आजवर जे जे मिळालं, त्याचा आनंद मला एकदाही झाला नाही," रोहक म्हणाला. "तो दर वेळी तुम्हालाच झाला."

पहिला शिधा हाती आला तेव्हा तो त्याने आधी शेजारी नेऊन ओतला, मग आपल्या घरी गेला.

भिक्षूंना एवढे सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, थांबले. दुसऱ्या एका भिक्षूला चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, मिळालेल्या नव्या कापडावरून झुरणारा भिक्षू लोहित समोरच बसला होता. "भिक्षूंनो," ते म्हणाले, "तेव्हाची चंपा म्हणजे आजची उपासिका मालती, रोहक म्हणजे हा लोहित, आणि तो रंगारी मीच होतो. दुसऱ्याच्या लाभाने ज्याला आपलेच काही मिळाल्यासारखे वाटते, त्याच्या त्या गुणाला मुदिता म्हणतात."

लोहित उठला आणि त्या भिक्षूचे चीवर शिवायला बसला.