दोन पंखांची मधमाशी

फार फार वर्षांपूर्वी, नदीला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठी तीळ पिकवणारं एक गाव होतं आणि त्या गावात एक पारखी राहत होता.

बियाणं भरीव की पोचट, मध अस्सल की गुळाचं पाणी, बैल कामाचा की नुसता दिसायला धष्टपुष्ट, हे सगळं तो सांगायचा. चावडीवर त्यानं निकाल दिला की ती काळ्या दगडावरची रेघ. निकाल मागे घ्यायचा तर पारख्यानं पागोटं उतरवायचं आणि आपली गादी सोडायची, अशी गावाची रीत होती. वीस वर्षांत त्याच्यावर तशी वेळ आली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

एका वर्षी तीळ फुलायच्या सुमारास टोळधाड आली. टोळ नदीच्या वाळवंटात उतरले, तिथलं गवत कुरतडत तीन दिवस बसले आणि वारा फिरताच उडून गेले. पीक वाचलं म्हणून गावानं देवापुढे नारळ फोडले.

थोड्याच दिवसांत वाळवंटावर पिंगट, लवदार, गुबगुबीत किडे घोंगावू लागले. मधमाश्या आल्या म्हणून गाव हरखलं. बायकांनी मधासाठी गाडगी घासून ठेवली. पण पोळं कुठे दिसेना आणि मधाचा थेंब मिळेना. तेव्हा लोक पारख्याकडे गेले.

पारख्यानं फुलावरचा एक किडा अलगद धरून तळहातावर घेतला. मधमाशीला पंख चार, याला दोनच. मधमाशी आपली सोंड दुमडून घेते, याची मात्र सुईसारखी ताठ पुढे आलेली. नांगी तर नाहीच.

"ही मधमाशी नव्हे. ही साधी माशी, मधमाशीचं सोंग घेऊन आलेली तोतया! उद्या दुपारी वाळवंटातलं गवत पेटवा आणि हिचा नायनाट करा."

लोकांनी माना डोलावल्या. गाडगी घासून घासून ज्यांचे हात दुखत होते, त्यांनी जरा जास्तच डोलावल्या.

गावची कुंभारीण तेवढी पुढे आली. वाळू आणायला ती रोज वाळवंटात जात असे.

"दादा, माशी तर माशी. पण ती तिथं करते काय, ते बघितलंत का?"

"माशी दुसरं काय करणार? माशीचंच काम."

"मग उद्या आग लावायच्या आधी माझ्याबरोबर या की. तुमचं काय जातंय? फार तर पाय मळतील."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर पारखी तोंड वाकडं करून तिच्यामागून गेला.

एक माशी वाळूवर बसून शेपटाकडचा भाग वाळूत घुसळत होती.

"पोटाशी वाळू भरून घेते ती," कुंभारीण म्हणाली. "थापीला माती चिकटू नये म्हणून मी राख लावते ना, तशी ही अंड्यांना वाळू लावते."

माशी उडाली आणि एका जागी अधांतरी थांबली. शेपटीला झटका देत तिनं खालच्या भेगेत अंडी टाकली. कुंभारणीनं तिथंच खुरप्यानं चार बोटं खोल उकरलं. बोटाएवढं वाळूचं एक ढेकूळ हाती आलं. आत टोळाची अंडी खचाखच भरलेली होती.

आता पारख्याच्या ध्यानात आलं. टोळ गेले होते, पण आपली पिल्लावळ गावाच्या उंबऱ्याशी पुरून गेले होते.

कुंभारणीनं दुसरं ढेकूळ फोडलं. त्यात अंड्यांची नुसती टरफलं, आणि मधोमध एक पांढरीशुभ्र, लठ्ठ अळी. तिसऱ्यात तेच. चौथ्यातही तेच.

"ही त्या तोतयाची लेकरं," ती म्हणाली.

"आणि आगीनं ही टोळाची अंडी मरतील?" पारख्यानं घाबरत विचारलं.

"गवताची आग ती, दादा. चार बोटं खाली पोचायच्या आत विझते. मरतील त्या माश्याच."

तेवढ्यात पाटील मशालवाल्यांना घेऊन आलेच. पारख्याचा हात पागोट्याकडे गेला आणि तिथंच थांबला. वीस वर्षांचा मान होता तो! गप्प बसलं तर मान राहील, पण गावात तिळाचं बोंड राहणार नाही. त्याला रडू फुटायचंच बाकी होतं.

मग तो धावत सुटला.

"थांबा! माझा निकाल चुकला!" धावता धावताच त्यानं पागोटं काढलं आणि पाटलांजवळ पोचताच त्यांच्या पायाशी ठेवलं. "गादी घ्या, पण मशाली विझवा."

मशाली नदीत चर्र करून विझल्या. पारखी मटकन वाळूत बसला आणि बोडक्या डोक्यावरून हात फिरवत लहान मुलासारखा हसू लागला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं टोळांची पिल्लं निघाली, पण इतकी थोडी, की गावच्या कोंबड्यांनीच ती फस्त केली. त्या वर्षी घरोघर तिळाच्या राशी लागल्या. गावानं गादी कुंभारणीला देऊ केली. "मला माझं चाक पुरे आहे," म्हणून ती मोकळी झाली. तेव्हा गादी पुन्हा पारख्यालाच मिळाली, पण एका अटीवर: वस्तू आज पारखली, तरी तीन दिवस तिची करणी पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

बोध: एखादा कोण नाही हे ओळखणं म्हणजे निम्मीच पारख, तो काय करतो हे पाहिल्यावरच ती पुरी होते.