हात न सोडणारे दगड

माणसाचं पाऊल कुठल्याच वाळूत उमटलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. समुद्राच्या तळाशी एक म्हातारी डोंगररांग होती. तिच्या पोटातल्या चिरेतून तापलेला रस वर येई, गोठून दगड होई आणि हळूहळू दूर सरके. प्रत्येक दगडाला ती बजावी, "पोरांनो, एकमेकांचा हात सोडू नका."

तिच्या ऊन झऱ्यापाशी राहणारी चिंबोरी एकदा घाबरून म्हणाली, "आजी, पूर्वेची खोल दरी जवळ आलीय गं! माझी अंडी अजून फुटायची आहेत."

रांगेने हाक मारली, "दरीबाई, मला का ओढतेस?"

"मी कशाला ओढू?" दरी हसली. "तुझीच थोरली पोरं थंडावून जड झालीत. माझ्यात उतरताना धाकट्यांचे हात सोडत नाहीत. शिकवण तुझीच ना, म्हातारे?"

रांग चिंबोरीला म्हणाली, "पोरी, पश्चिमेला माझ्या बहिणीकडेही ऊन पाणी आहे. तिकडे जा. मी पोरांना हात सोडायला सांगते. ओढ थांबेल, पण त्या ओढीनेच उघडी राहिलेली माझी चीर मिटेल आणि झरा गार होईल."

"मग नको ना सांगूस!"

"नाही सांगितलं, तर सगळेच दरीत जाऊ."

चिंबोरी अंडी पोटाशी धरून निघाली. मागे तळ हादरला, काहीतरी कडाडून तुटलं आणि जड दगड एकटेच खाली गेले. ती वळून ओरडली, "आजी, पाणी अजून कोमट आहे गं!"

"म्हणूनच जा," रांग म्हणाली. "पाणी गार झालं की गारठून तुझा पाय निघणार नाही."