फाट्याची वाट

“मावशी, वाट बंद म्हणजे बंद,” विश्वंभर वकील म्हणाले आणि त्यांनी कुंपणाच्या काटेरी तारेला स्वतःच्या हाताने आणखी एक पीळ दिला. हे रान त्यांनी गेल्याच महिन्यात शेलारांकडून विकत घेतलं होतं. तारेपलीकडे भाजीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका उभ्या होत्या. रानाला वळसा घालून फाट्यावर जायचं तर सकाळची एसटी चुकणार आणि मेथी संध्याकाळी शेळ्यांपुढे टाकावी लागणार.

“जन्मभर इथूनच जातोय आम्ही,” द्वारकामावशी म्हणाली. पाटी तिच्याही डोक्यावर होती.

“ती शेलारांची मेहेरबानी. इंग्रजीत तिला परमिशन म्हणतात. हक्काला म्हणतात राइट. तुम्हां बायकांना दोन्ही एकच वाटतं.”

“वाटतं खरं. शिकलेला तू आहेस. कुठली परमिशन आणि कुठला राइट, हे ओळखायचं कसं, तेवढं सांग.”

फुकट सल्ला द्यायची वकिलांना सवय नव्हती, पण ऐकायला एवढ्या बायका आयत्या उभ्या होत्या. त्यांनी घसा साफ केला. “सोपं आहे. मालकाला विचारून जावं लागतं ती परमिशन. कोणालाही न विचारता जाता येतं तो राइट.”

“अस्सं,” मावशी म्हणाली. “मग तुझी वरात याच रानातून वाजतगाजत गावात आली, तेव्हा घोड्यावरून उतरून तू शेलारांना विचारलं होतंस, की आमच्यासारखाच न विचारता हक्कानं आलास?”